माझा आवाज मीच वाचवणार

३ मार्च, सोमवार
बँकेच्या फोन-ओळख यंत्रणेची सगळी जबाबदारी मोठ्या साहेबांनी आज माझ्या गळ्यात घातली. ग्राहकाने फोनवर बोलायचं, मशीनने आवाज ओळखायचा, एवढंच. पण हल्ली कॉम्प्युटर कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल काढतो. मी सांगितलं, मी असताना एकही नक्कल आत शिरणार नाही. साहेब म्हणाले, बघू. म्हणजे विश्वास आहे.
यंत्रणेत पहिला नमुना माझ्या आवाजाचा भरला. खणखणीत आला.

४ मार्च
विचार केला. चोर आधी यंत्रणाप्रमुखाचाच आवाज चोरणार. निश्चय: आजपासून आवाज बाहेर सांडायचा नाही. ऑफिसात कुजबुजायचं. घरी चिठ्ठ्या.
बायकोला चिठ्ठी लिहून चहा मागितला. तिने त्याच चिठ्ठीवर 'दूध संपलंय' लिहून परत दिली. घरातून सहकार्य उत्तम.

५ मार्च
आईला दिसत नाही. चार वर्षं रोज संध्याकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. ते तूर्त बंद. खिडकी उघडी असते, खाली कोण रेकॉर्डिंग करत असेल सांगता येत नाही. थोरल्या लेकीच्या हातून आईला निरोप दिला. थोरलीने विचारलं, किती दिवस. 'बेमुदत' बोटांनी दाखवता येईना. आईने पेपरची घडी घालून तो उशाशी ठेवला. समजूतदार बाई.

१० मार्च
टेस्टिंग रूमला आवाजाचं कुलूप बसवलं. आत जाताना आणि बाहेर येतानाही फक्त माझा किंवा आमच्या टेस्टिंगच्या बाईंचा आवाज चालेल. वॉचमनकाकांनी विचारलं, आत माणूस अडकला तर? समजावलं की माणूस अडकत नाही, नक्कल अडकते. बाई म्हणाल्या, अडचणीत दार उघडायचं लाल बटण तरी राहू द्या. काढलं. बटण कुणीही दाबू शकतं.

१३ मार्च
मशीनचा कडकपणा वाढवला: आवाज नव्वदऐवजी नव्व्याण्णव टक्के जुळला पाहिजे. नकलांचे हल्ले: शून्य. तक्रारी: दोनशे बारा. सर्दीवाले, म्हातारे, धापा टाकणारे. एक बाई नवऱ्याला दवाखान्यात भरती करून फोन करत होती. रडत बोलली, मशीनने तीनदा नक्कल ठरवली. टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, तुम्ही तिच्याशी दोन मिनिटं बोला. सध्या माझं बोलणं बंद आहे हे त्यांना लिहून दाखवलं. मग त्यांनीच कागदपत्रं मागवून तिचं काम केलं. हुशार आहेत, पण हळव्या.

१९ मार्च
कुजबुजून घसा घोगरा झालाय. चांगलं लक्षण. आवाज आत मुरतोय.

२२ मार्च, शनिवार, सकाळी ११.१०
सुट्टीचा दिवस साधून टेस्टिंग रूममध्ये एकटाच आलो. आत येताना दार सफाईसाठी कालपासून उघडंच होतं, काकांनी धरून ठेवलं. आता बंद झालंय. बाहेर पडण्यासाठी 'मी आहे, दार उघड' म्हणालो. पडद्यावर आलं: नक्कल. यंत्रणा जागरूक आहे. समाधान वाटलं.

११.४०
अकरा वेळा नक्कल. प्रत्येक वेळी घसा अधिकच बसतोय.

१२.१५
टेस्टिंगच्या बाईंचा फोन बंद. मोठ्या साहेबांना लावला. त्यांनी चार शब्द ऐकले, हा आवाज त्याचा नाही म्हणाले आणि फोन ठेवला. संशय आला की फोन ठेवा, हे त्यांना मीच शिकवलंय. चांगले तयार झालेत.

१२.४०
काका दाराबाहेर आहेत. दार तोडायला तयार नाहीत. माझ्या तोंडी हुकमाशिवाय तोडायचं नाही, असा नियम आहे. हुकूम दिला. म्हणाले, आवाज साहेबांचा वाटत नाही.
खोलीला खिडकी नाही. हे आधी लक्षात आलं नव्हतं. तहान लागलीय.

१.०५
घरी फोन केला. बायकोने दोनदा विचारलं, कोण बोलतंय. बावीस वर्षं झाली लग्नाला. तिसऱ्यांदा मी नुसताच श्वास घेतला. मग म्हणाली, येतो आम्ही.

२.२०
बाहेर आहे. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.
थोरलीने आपला मोबाईल बाहेरच्या माइकपाशी धरला, काहीतरी टाइप केलं. मोबाईलमधून मी बोललो. स्वच्छ, खणखणीत. मी आहे, दार उघड. दार उघडलं. पडद्यावर: अस्सल, ९९.७.
मी तिच्या मोबाईलकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "आजीला पेपर वाचायला तुमचा आवाज केलाय, बाबा. जुन्या व्हिडिओंवरून. तुम्ही बोलत नव्हता ना."
बायकोने पाण्याची बाटली दिली. परतीच्या वाटेवर मी बोललो असतो, पण आवाज नव्हता.

२४ मार्च, सोमवार
साहेबांना रिपोर्ट दिला. हल्ला यशस्वी, हल्लेखोर कॉलेजात शिकते, असं प्रामाणिकपणे लिहिलं. यंत्रणा टेस्टिंगच्या बाईंकडे गेली. त्यांनी पहिल्याच तासात लाल बटण परत लावलं. मशीनने नाकारलेल्या ग्राहकांशी दिवसभर फोनवर बोलायचं काम मला मिळालं. माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून असणार.

संध्याकाळी
पेपर घेऊन आईजवळ बसलो. घोगऱ्या आवाजात दोन बातम्या वाचल्या. आई म्हणाली, राहू दे, त्याला लाव. सांगितलं, ते मशीन आहे, मी नाही. म्हणाली, ठाऊक आहे.
"तू शेवटचं पान गाळायचास. तो गाळत नाही."
शेवटच्या पानावर निधनाच्या बातम्या असतात. तिला वाईट वाटू नये म्हणून चार वर्षं गाळत आलो. गेल्या आठवड्यात तिची शाळेतली मैत्रीण गेली. ते तिला माझ्याच आवाजात कळलं. मी तेव्हा शेजारच्या खोलीत चिठ्ठी लिहीत होतो.
मोबाईल लावून दिला. खुर्ची ओढून ऐकत बसलो. वाचतो चांगला. मध्ये एकदा काहीतरी बोलायला गेलो, तर आईने हात वर करून मला थांबवलं.