सरोजिनीबाईंची शेवटची अंघोळ

पुणे, २००४

प्रिय करुणाताईस,

धाकट्या एस्तेरचा प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू गुडघ्यांना तेल लावतेस ना?

सरोजिनीबाई सोमवारी गेल्या. चार वर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या, रोज मीच न्हाऊ घालायचे. मुलगा आमोद अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो पोहोचल्यावर मी शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवलं, तर बाईंच्या जाऊबाई दारातच उभ्या राहिल्या. "अहो एस्तेरबाई, आता घरचेच घालतील. तुमच्यात निराळं असतं."

घरचे म्हणजे चार वर्षांत दिवाळीलाही न फिरकलेले.

आमोदने लांबूनच दोन तांबे ओतले. आईच्या अंगाला हात लावायला तो भ्यायला, बिचारा.

पाळकसाहेब म्हणाले, "सेवेचं प्रतिफळ वर मिळेल." मागितलं कुणी? अपघातानंतर आमच्या ह्यांना दवाखान्यातून कापडात बांधूनच आणलं होतं, पाण्याचा थेंब लावता आला नाही. वाटलं होतं, निदान ह्या बाईला तरी नीट न्हाऊ घालून पाठवीन.

उद्यापासून येरवड्याला दुसऱ्या आजारी बाईंकडे जाणार आहे. त्यांचं सगळं करीन. प्रार्थना मात्र काही दिवस तूच कर, ताई. माझ्याने होत नाही.

तुझीच,
एस्तेर