सैनिक फलकावर अर्जदाराच्या नावासमोर लिहिलेला मजकूर बदलून मिळण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे कातळखोंड,
जि. रत्नागिरी.

अर्जदार : इसहाक बदरुद्दीन हमदुले, रा. मोहल्ला, कातळखोंड. सध्या मुक्काम हाइल, सौदी अरेबिया.

विषय : शाळेसमोरील 'आमच्या गावाचे शूर जवान' या फलकावरील अनुक्रमांक २ चा मजकूर दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ११ एप्रिल २०२५
२) अर्जदाराचे स्मरणपत्र, दि. ४ ऑगस्ट २०२५
३) आपले उत्तर, दि. २२ सप्टेंबर २०२५

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्जदार हा तिसरा अर्ज सादर करीत आहे. अर्ज त्याने स्वतःच लिहिला असून कार्यालयीन रीतीप्रमाणे स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असा केला आहे. तसे लिहिणे त्याला सोपेही जाते.

२. अर्जदार हाइल शहराबाहेरील एका सैनिकी रुग्णालयात अकरा वर्षांपासून फिजिशियन असिस्टंट आहे. म्हणजे तो डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. डॉक्टर येण्याआधी रुग्णाला तपासणे, टाके घालणे, प्लास्टर करणे, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांसमोर उभे राहून ते सांगतील ते धरून ठेवणे आणि सगळे आटोपल्यावर कागद भरणे, हे त्याचे काम. रुग्णालय सैन्याचे आहे. रुग्ण म्हणजे सैनिक व त्यांच्या घरची माणसे. अर्जदार मात्र कंत्राटदार कंपनीचा नोकर आहे. त्याला हुद्दा नाही, गणवेश नाही. बंदूक त्याने आजवर हातात घेतलेली नाही. त्याच्या ओळखपत्रावर अरबीत 'मुलकी' असे स्पष्ट लिहिलेले आहे.

३. जानेवारी २०२५ मध्ये अर्जदार रजेवर गावी आला होता. प्रजासत्ताकदिनी झेंडावंदनानंतर मा. सरपंच श्री. गुरुनाथ बेंडखळे यांनी त्याला शाळेसमोर बोलावून घेतले. सरपंच व अर्जदार चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले असल्याने तो विशेष काही न विचारता गेला. तेथे फलकावरील कापड दूर करण्यात आले. फलकावर दोनच नावे होती. पहिले, शहीद सुबोध बाबाजी पाष्टे, भारतीय सैन्य. दुसरे, इसहाक ब. हमदुले, सौदी सैन्य, सहायक. 'फिजिशियन' हा शब्द ओळीत मावत नव्हता म्हणून वगळला, असे रंगाऱ्याने मागाहून सांगितले.

अर्जदार सरपंचांच्या कानाशी लागून म्हणाला, "गुरुनाथ, अरे मी सैनिक नाही."

"गप रे," सरपंच म्हणाले. "मिलिटरीत आहेस ना? मग झालं. समोर बघ, फोटो काढतायत."

हार घालण्याचा मान श्री. बाबाजी पाष्टे यांना दिला होता. सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा सुबोध बर्फाच्या कड्याखाली सापडला. तिथून त्याला जिवंत काढले, दोन दिवस तो लष्करी इस्पितळात होता आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्या बाबाजींनी, ज्यांचा मुलगा सैनिक होता, सैनिक नसलेल्या अर्जदाराच्या गळ्यात हार घातला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडे पाहिले. गप्प राहणे त्याला हल्ली जड जात नाही.

४. यानंतर जे घडले ते पहिल्या दोन अर्जांत आलेले आहे, तरी थोडक्यात नमूद करतो. अर्जदाराच्या पासपोर्टची मुदत मे महिन्यात संपणार होती. हाइलला परतल्यावर त्याने नूतनीकरणासाठी अर्ज केला. मार्च महिन्यात चौकशीसाठी हवालदार गावी आले. घर शोधताना त्यांनी फलक वाचला आणि 'अर्जदार परकीय सैन्यात सेवेत आहे' असा शेरा मारला. पासपोर्ट अडकला. पासपोर्टशिवाय इकामा, म्हणजे तेथे राहण्याचा परवाना, वाढवून मिळत नाही, आणि नाक्यानाक्यावर तो विचारतात. त्यामुळे मुदत संपल्यापासून आठ आठवडे अर्जदार रुग्णालयाच्या आवाराबाहेर पडला नाही. आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही, हे सातव्या आठवड्यात त्याच्या ध्यानात आले. तेव्हा थोडेसे वाटले.

जून महिन्यात अर्जदाराची पत्नी श्रीमती नूरुन्निसा यांच्या पित्ताशयात खडे झाले. त्यांचे ऑपरेशन रत्नागिरीत ठरले. अर्जदार येऊ शकला नाही. ज्या सकाळी ते ऑपरेशन झाले त्या सकाळी अर्जदार हाइलमध्ये एका सुभेदाराच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात दुर्बिणीचा कॅमेरा धरून उभा होता. दोन्ही ऑपरेशने व्यवस्थित पार पडली. दुपारी पत्नीच्या भावाचा 'शुद्धीवर आली' असा निरोप आला. अर्जदाराने 'ठीक' असे उत्तर पाठवले व पुढच्या रुग्णाचे ड्रेसिंग बदलायला गेला. पत्नीने तो 'ठीक' अजून फोनमध्ये ठेवला आहे. ती तो कधी कधी अर्जदारालाच परत पाठवते.

टाके सुकल्यावर नूरुन्निसा स्वतः तीनदा पोलीस ठाण्यात गेल्या. तिसऱ्या खेपेस हवालदारांनी विचारले, "सौदीच्या मिलिटरीत तुमचे साहेब करतात तरी काय?"

"टाके घालतात," त्या म्हणाल्या.

"मग फळीवर शूर जवान कसं काय?"

"ते ग्रामपंचायतीला विचारा. आम्ही विचारून दमलो."

त्यांनी तिथल्या तिथे कंपनीचे पत्र पुढे केले. फेरचौकशी झाली, शेरा रद्द झाला आणि जुलैअखेर पासपोर्ट आला. हवालदारांबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. त्यांनी जे वाचले तेच लिहिले.

५. संदर्भ क्र. ३ च्या पत्राने आपण कळवले की, फलकाचा ठराव ग्रामसभेत एकमताने मंजूर असल्याने नाव कमी करता येत नाही, आणि तसे करावयाचेच असल्यास अर्जदाराने 'आपण सैनिक नसल्याबाबत सैन्याचा दाखला' सादर करावा. अर्जदार आज्ञेप्रमाणे रुग्णालयाच्या आस्थापना विभागात गेला. तेथील कारकुनाने विनंती दोनदा वाचली. तो म्हणाला, "जो सैनिक आहे त्याला दाखला देतो. जो नाही त्याला कसला देऊ? रस्त्याने जाणारा प्रत्येक जण सैनिक नसतोच." अर्जदारास हे पटले. सबब असा दाखला जोडलेला नाही, ओळखपत्राची प्रत जोडली आहे.

त्याच सुमारास सरपंचांचा फोन आला. "पासपोर्ट आला ना तुझा? मग आता कशाला खोडायचं? गावाची शोभा जाते रे." सरपंचांचे म्हणणे खरे आहे. फलकामुळे आता अर्जदाराचे कोणतेही काम अडलेले नाही. तरीही हा अर्ज का, हे पुढे लिहितो. ते लिहिण्यास अर्जदारास तीन शुक्रवार लागले.

६. प्रजासत्ताकदिनी चहापान झाल्यावर श्री. बाबाजी अर्जदाराला वडाच्या पारापाशी घेऊन गेले. ते म्हणाले, "इसाक, एक विचारू? तुझ्याकडे असली पोरं येतात. शेवटी काय बोलतात रे? सुबोध दोन दिवस होता, पण आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटपलेलं. काय बोलला ते कोणी सांगितलं नाही."

अर्जदार म्हणाला, "काही बोलत नाहीत, काका. झोप लागल्यासारखे असतात."

बाबाजींनी मान हलवली आणि हाराचा अर्जदाराच्या शर्टाला चिकटलेला झेंडू काढून टाकला.

हे उत्तर खोटे होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सरावाहून परतणारा सैन्याचा एक ट्रक उलटून नऊ जण एकाच वेळी रुग्णालयात आले. डॉक्टर शेजारच्या टेबलावर होते. अर्जदारापुढे जो आला त्याचे वय कागदावर बावीस होते. पोटातून रक्त थांबत नव्हते. अर्जदाराने दोन्ही हातांनी दाब धरून ठेवला होता. मुलगा मान इकडून तिकडे हलवीत होता आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून पुन्हा पुन्हा काहीतरी बोलत होता. ते नीट ऐकू येत नव्हते. अर्जदार त्याला "खलास, खलास" म्हणत राहिला. खलास म्हणजे झाले, संपले. सुई टोचताना, टाका काढताना तेथे सगळ्यांनाच तसे म्हणतात. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्जदाराने हात काढले व कागदावर वेळ लिहिली.

नंतर हात धुताना स्ट्रेचर ओढणारे एक वयस्क यमनी गृहस्थ शेजारच्या नळावर होते. मघाशी ते मुलाच्या उशाशी उभे होते. ते म्हणाले, "दिवा बाजूला करा म्हणत होता. डोळ्यांवर येतोय म्हणत होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही खलास म्हणत होतात. मला वाटलं तुम्हाला कळलंय."

टेबलावरचा तो दिवा कोपराने ढकलला तरी सरकतो. त्यासाठी हात सोडावे लागत नाहीत. दिवा सरकवला असता तरी मुलगा वाचला नसता, हेही अर्जदारास माहीत आहे. त्या दुपारी मेसमध्ये कोंबडी आणि भात होता. अर्जदार जेवला. भात दुसऱ्यांदा घेतला. त्या दिवसापासून त्याला काही झाले आहे असे डॉक्टरांना, कंपनीला वा त्याच्या सोबत राहणाऱ्यांना वाटलेले नाही. कामात एकही चूक नाही, आजारपणाची रजा नाही. फक्त घरून फोन आला की, बोलणे संपण्याची तो वाट पाहतो.

७. दि. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, शुक्रवारी सकाळी, अर्जदाराने श्री. बाबाजी यांना फोन केला. नाव खोडण्यास त्यांची ना-हरकत मागायची, एवढाच हेतू होता. परंतु त्यांचा आवाज ऐकल्यावर त्याने परिच्छेद ६ मधील सर्व हकिकत त्यांना सांगितली. पारापाशी दिलेले उत्तर खोटे होते, हेही सांगितले. पलीकडे मागे कोणीतरी नारळ सोलत होते, तेवढा आवाज येत होता.

मग बाबाजींनी विचारले, "आता काय करतोस?"

"आता आधी दिवा बाजूला करतो, काका. मग हात लावतो."

"बरं करतोस." मग ते म्हणाले, "सुबोधजवळ पण कोणीतरी असेल ना असं? तुझ्यासारखं, तिथं कामाला?"

"असतंच, काका. कोणीतरी असतंच."

"मग त्याला पण जेवायला जावं लागलं असेल," बाबाजी म्हणाले.

अर्जदार रुग्णालयाच्या मागच्या पायरीवर बसला होता, तसाच बसून राहिला. दोन वर्षांनी त्याचा घसा दुखला. ते दुखणे कसले हे त्याला प्रथम कळले नाही. त्याने सवयीने घशाच्या गाठी चाचपून पाहिल्या. गाठी नव्हत्या.

त्यानंतर अर्जदाराने नाव खोडण्याचा विषय काढला. बाबाजींनी साफ नकार दिला. "नाव नको काढूस. रोज त्या वाटेने जातो मी. पोराचं एकट्याचं नाव कसं बघू? तू ऱ्हा त्याच्यासोबत. फक्त खोटं लिहिलंय तेवढं काढ, नि खरं काय ते लिही."

८. सबब, नाव कमी करण्याबाबतची पहिल्या दोन अर्जांतील मागणी अर्जदार याद्वारे मागे घेत आहे. यामुळे ग्रामसभेचा ठराव बदलण्याची अडचण राहू नये. आता विनंती इतकीच आहे की, 'शूर जवान' हे शब्द फलकाच्या माथ्यावरून काढून शहीद सुबोध बाबाजी पाष्टे यांच्या नावापुढे, त्यांच्या एकट्यासाठी लिहावेत. माथ्यावर केवळ गावाचे नाव असावे. अनुक्रमांक २ येथील 'सौदी सैन्य, सहायक' हा मजकूर पुसून पुढील ओळ लिहावी :

इसहाक बदरुद्दीन हमदुले. सैनिकांच्या दवाखान्यात कामाला.

ओळ मावत नसल्यास वडिलांचे नाव गाळावे, 'कामाला' हा शब्द गाळू नये.

काम झाल्यावर रंगाऱ्यास लगेच जाऊ देऊ नये. श्री. बाबाजी पाष्टे यांना बोलावून दोन्ही ओळी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्यांना वाचता येते, परंतु मोतीबिंदूमुळे अलीकडे अक्षर लागत नाही. त्यांनी बरोबर आहे म्हटले की, अर्जदाराची हरकत राहणार नाही. त्यांनी काही बदल सांगितल्यास अर्जदारास न विचारता तो करावा.

आपला नम्र गावकरी,

(सही)
इसहाक बदरुद्दीन हमदुले
हाइल, दि. ७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) ओळखपत्राची प्रत ('मुलकी' या शब्दाखाली रेघ मारली आहे)
२) कंपनीचे पत्र व त्याचे मराठी भाषांतर (भाषांतर अर्जदाराचे)
३) श्री. बाबाजी पाष्टे यांची संमती. फोनवर सांगितली, श्रीमती नूरुन्निसा यांनी लिहून घेतली, सही स्वतः बाबाजींची.