हंगेरीच्या लेखकाला मामांचा चेहरा

डिलाईल रोड, मुंबई
१० फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप मामांस लवूचा शिरसाष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे आता बरे असतील, अशी आशा आहे. हे पत्र आपल्या वाडीतल्या दगडूकाकांनी हातात न देता अंगणातून फेकले असेल, तर राग मानू नये. ते आपल्या पायांकडे टक लावून पाहत असतील, तर पावले सरळ आहेत हे दाखवावे. कारण लिहितो.

आपण बोटीवर स्वयंपाकी असताना कुणी उतारू विसरून गेलेले इंग्रजी पुस्तक मला दिले होतेत. मी सहावीपर्यंतच शिकलेला. पण डिक्शनरी घेऊन ते पुरे केले. त्यातले लास्लो वेरेदी या हंगेरियन लेखकाचे नाटक आमच्या कामगार मंडळाने बसवले, आणि लेखकाची ओळख करून द्यायचा मान मला मिळाला. (हे आपलेच उपकार. शाळेत मला कधी कविताही म्हणू दिली नव्हती.)

अडले फोटोपाशी. मंडळाचे सेक्रेटरी रामदास म्हणाले, "फोटोला हार घातल्याशिवाय नारळ फुटणार नाही." पुस्तकात फोटो नाही. माझ्याकडे कोट-हॅटमधला एकच फोटो, परदेशी बंदरात काढलेला आपला. तोच लावला. हार पाहून मागच्यांना वाटले, कुणी हुतात्मा आहे. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी गर्जना झाली. (एवढा मान वेरेदींना हंगेरीतही मिळाला नसेल.)

मग मी बोललो. वेरेदींनी आधी गोष्टी लिहिल्या. त्या कोणी वाचेना म्हणून नाटके लिहिली. नाटकातली माणसे फार बोलतात, अशी तक्रार आली तेव्हा ते मूकपटांकडे वळले. तिथे जरा बस्तान बसते तोच बोलपट आले. गिरणीतली माणसे हळहळली. त्या भरात मी फोटोकडे हात करून म्हणालो, "यांना जाऊन आज वीस वर्षे झाली."

पहिल्या रांगेतून दगडूकाका उठले. "वीस वर्सा? मगे गणपतीत माझ्यावांगडा भजनाक बसललो, तो कोण?"

लोकांना वाटले नाटक सुरू झाले. टाळ्या पडल्या.

आपण जिवंत आहात म्हणून काकांना नंतर खूप समजावले, तर म्हणाले, "लवू, तू भोळो आसस." ते उद्याच्या बोटीने गावी निघालेच आहेत, म्हणून पत्र त्यांच्याकडेच देतो, आपण हातात घेतलेत की खात्री पटेल. (पाकिटाला बांधलेले लिंबू त्यांचे आहे.)

आपल्यामुळे मी स्टेजवर उभा राहिलो, हे जन्मभर विसरणार नाही.

आपला आज्ञाधारक
लवू

ता. क. – दगडूकाकांची खात्री पटल्यास ती त्यांनी गावातच ठेवावी, इकडे आणू नये. पुढचा प्रयोग घोडपदेवला आहे आणि रामदासांना हाच फोटो हवा आहे.

ता. क. २ – त्यानंतरच्या नाटकाचा लेखक पोर्तुगालचा आहे. हॅट काढलेला एखादा फोटो असल्यास कृपया पाठवावा. हा लेखक हयात आहे, तेव्हा आपण निश्चिंत असावे.