‘धोका नाही’ असा लेखी शेरा

मानिसालेस,
कार्मेनमातेच्या सणानंतरचा गुरुवार

प्रिय नुबियाताईस,

धाकट्या लिगियाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, तुझ्या कोंबड्या आणि तुमच्या पाद्रीबाबांचा खोकला, तिन्ही आता ठीक असोत अशी मेरीमातेपाशी प्रार्थना. आम्ही इथे सुखरूप आहोत. आणि हे मी पत्राच्या रीतीपुरतं म्हणत नाही, आम्हाला तसं शिक्क्यानिशी लिहून मिळालंय.

ईस्टरला तू आमच्या फरशीवर बसलीस (घसरलीस असं मी कुणालाही सांगितलेलं नाही) आणि उठता उठता म्हणालीस, “लिगिये, तुझ्या घरात देवदूतसुद्धा भिंत धरून चालेल!” ते मी विसरलेले नाही. चर्चमधल्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून मी फरशीला लावते. विकतचं मेण लावणाऱ्यांच्या घरी ना ती चमक, ना तो आशीर्वाद. असो.

तुला माहीतच आहे, आमचे हे, आर्सेसियो, हल्ली घरी बसून विमा कंपनीचे फोन घेतात. तर कंपनीने कळवलं, की घरातली कामाची जागा तपासली जाईल. नापास झालात तर पुन्हा कचेरीत यायचं. म्हणजे आर्सेसियोंच्या त्या गुडघ्याने ह्या डोंगरी शहरात रोज चढ-उतार! मी लगेच नऊ दिवसांची नोव्हेना धरली आणि घर घासून काढलं. तपासायला आली युरानी नावाची एक काडीएवढी मुलगी. ह्यांचा कॉम्प्युटर मी इस्त्रीच्या टेबलावर मांडलाय (इस्त्री जेवणाच्या टेबलावर होते, काही अडत नाही). तिने टेप लावून ह्यांचं कोपर मोजलं, टेबल मोजलं आणि म्हणाली, उंची अगदी हवी तशी. मॅट्रिकला भूमितीत मी वर्गात पहिली आले होते, ते उगाच नव्हे. खुर्चीला मात्र तिने नाक मुरडलं आणि कंपनीकडून चाकांची नवी खुर्ची मंजूर केली, फुकट!

मग तिचं लक्ष गेलं आईने लग्नात दिलेल्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे.

“बाई, ही साहेबांच्या डोक्यावर पडेल.”

“पोरी, पडायची असती तर ह्यांच्या पापांनी केव्हाच पडली असती.”

“खिळा कुणी ठोकलाय?”

“ह्यांनीच.”

“मग काढाच.”

तसबीर उतरवली तर खिळा दोन बोटांत सुटून आला. म्हणजे इतकी वर्षं देवाने स्वतःच धरून ठेवली होती, ताई! त्यानंतर तिने ह्यांना दर तासाला मान आणि खांदे फिरवायला शिकवलं. मीही पळीसकट फिरवले. चुलीपासून सांडशीपर्यंत सगळं लख्ख केलं होतं, म्हणून म्हटलं, आता माझंही स्वयंपाकघर बघ. तर म्हणते, “ती कामाची जागा नाही, बाई.” मग मी तिथे दिवसभर काय करते, असं जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात तिने ‘धोका नाही’ असा शेरा मारला, आणि मी तिला गुळाचं पाणी आणि चीज दिलं. तो कागद आता दिवाणखान्यात लावलाय, चांगल्या खिळ्यावर. हा खिळा मी ठोकलाय.

तुझी,
लिगिया

ता.क. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा प्लास्टरमध्ये आहे. तसबीर परत लावायला नव्या खुर्चीवर चढले होते. खुर्ची फार उत्तम आहे, ढकलावीसुद्धा लागत नाही. तसबिरीला ओरखडासुद्धा नाही. युरानीला फोन केला, तर तिने विचारलं, पडलात कुठे? निघाले कामाच्या जागेतून, पण पडले स्वयंपाकघरात. म्हणजे अपघात झालेलाच नाही.

ता.ता.क. हे दर तासाला न चुकता मान फिरवतात आणि तेवढ्यात तव्यावरच्या मक्याच्या अरेपा करपतात. पंधरा दिवस येऊन राहशील का? येताना खडबडीत तळव्याच्या चपला आण. तू येणार म्हणून फरशीला मेण लावून ठेवलंय, डाव्या हाताने.