सलूनमधलं फील्डवर्क

२ फेब्रुवारी
फील्ड ठरलं. कोपऱ्यावरचं सलून. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, लोकांत मिसळा, त्यांना बोलू द्या, स्वतः गप्प बसा. वीस तारखेला रिपोर्ट, नाहीतर पेपर पुन्हा द्यायचा. यात अवघड काय? आई म्हणाली, तू आणि गप्प? आईला रिसर्चमधलं काही कळत नाही.

३ फेब्रुवारी
बाकावर बसून निरीक्षण सुरू केलं. सलूनवाले काका म्हणाले, काही करायचं नसेल तर जागा अडवू नका. लगेच कटिंगला बसलो. यालाच सहभागी निरीक्षण म्हणतात. काकांनी सहज विचारलं, काय करता? सांगितलं, जरा सविस्तर. आधी विश्वास कमवावा लागतो.

६ फेब्रुवारी
आजपासून तोंडाला कुलूप. दाढी केली. काकांना विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंगही लावलं. मग त्यांनी ताईच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारलं. विचारल्यावर सांगायला नको का? फील्ड छान खुलतंय.

९ फेब्रुवारी, दुपारी
मिशी गेली. वाईट वाटलं. पण रिसर्च म्हटलं की काहीतरी सोडावं लागतं. उद्यापासून नक्की गप्प.

१३ फेब्रुवारी
केस एकदम बारीक. आज एका गिऱ्हाइकाने आपला कटिंगचा नंबर दुसऱ्याला दिला. भावी भावजींची भानगड अर्धी राहिली होती, ती माझ्याकडून पूर्ण ऐकून मगच उठला. फील्डमध्ये इतका मिसळलेला संशोधक मॅडमनी पाहिला नसेल.

१७ फेब्रुवारी
पूर्ण टक्कल. आईने दार उघडलं आणि परत लावलं.

१८ फेब्रुवारी
रिपोर्टसाठी रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. सगळा वेळ मीच. काका फक्त ‘मान खाली’ म्हणतात, आणि अधूनमधून ‘असं का?’ प्रत्येक ‘असं का’नंतर मी ताजा होऊन नव्याने सुरू. फार लाज वाटली. मग चहा घेतला. अजून उद्याचा दिवस आहे. काकांकडून सगळं काढून घेणार, स्वतः हूं की चूं करणार नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी
सलून उघडताच खुर्चीत जाऊन बसलो, ओठ घट्ट मिटून. काकांनी डोकं चारी बाजूंनी पाहिलं, हनुवटी चाचपली, कापड झटकून पुन्हा खुंटीला लावलं. म्हणाले, आता तुमच्याकडे काम काही उरलं नाही, केस वाढले की या. बाकही भरलेला होता.
बाहेर येऊन मॅडमना फोन केला, मुदत मागितली. त्यांनी विचारलं, किती दिवसांची?
मी डोक्यावरून हात फिरवून अंदाज घेतला.