बिनआवाजाचे व्याही

मुक्काम वालूर,
अधिक महिन्यातला गुरुवार

आमचे मानाचे व्याही श्री. दत्तरावजी यांना वालूरहून बन्सीधरचा वाकून रामराम. (वाकून म्हणजे खरंच वाकलेलो आहे. कंबर धरलीय, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा, विहीणबाई सरजाबाईंचं बीपी, जावई हरिओमरावांचं दुकान आणि म्हशीचं दूध हे सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. इकडे ऊन लय आहे. बायनाबाई बरी आहे, मी कंबर सोडून बरा आहे आणि माझी मोटारसायकलही बरी आहे, जिच्यापायी हा सगळा घोळ झाला.

परवा माणिकराव तुमचा निरोप घेऊन आले. (हेच माणिकराव, ज्यांनी आमच्या अर्पिताचं तुमच्या हरिओमरावांशी जमवलं आणि तेव्हापासून दोन्ही घरचा चहा आपला समजतात.) निरोप असा, की मी तुमच्या घरी गाडीचा आवाज न करता आलो, हे व्याह्याला शोभत नाही. तरी त्याबद्दल मी लेखी माफी मागावी. शिवाय त्या दिवशी तुमच्या ओट्यावर जे बोलणं चाललं होतं त्यातलं मी काही ऐकलं नाही, असंही लेखी द्यावं. तेव्हाच तुम्ही लेक-जावयाला धोंडे खायला वालूरला पाठवाल. आता अधिक महिना काही दरसाल येत नाही, आणि लग्नानंतरचा हा पहिलाच. बायनाबाईनं पुरणाची डाळ निवडून ठेवलीय, जावयाचे कपडे आणून ठेवलेत, आणि रोज मला विचारते की लिहिलं का. मी रिटायर पोस्टमास्तर. गावाची पत्रं हाताळण्यात जन्म गेला, पण स्वतःचं माफीचं पत्र लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. तेव्हा काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

मूळ कारण पेट्रोल. आपल्या जिल्ह्याचं नाव वर येतं ते एक उन्हात आणि एक पेट्रोलच्या भावात, हे तुम्हाला मी काय सांगावं. भाव चढला तसं आमच्या वालूरचं वागणंच बदललं. पूर्वी सेलूला जायचं म्हटलं की माणूस किक मारून निघायचा. आता आधी चौकात उभा राहून विचारतो, कुणी जायलंय का सेलूला. असा जाणारा सापडला की लोक त्याच्याजवळ स्वतःचं औषध, शेजाऱ्याचा मोडका चष्मा आणि जमलं तर सासूही देतात. शाळेतले दोन मास्तर, ज्यांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, ते एका गाडीवर जायला लागले. बोलणं अजून बंदच आहे, पण खड्डा आला की मागचा पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. गाडी रिझर्व्हला लागली की पूर्वी लोक पंपावर न्यायचे, आता आडवी पाडतात. टाकीच्या त्या अंगाचं पेट्रोल या अंगाला येतं आणि गाडी आणखी थोडी चालते. माझी कंबर धरली ती गाडी परत उभी करताना.

मग आमच्या चौकातला मेकॅनिक नागनाथ म्हणाला, मास्तर, पाडापाडी सोडा, उतार दिसला की न्यूट्रल करा अन् चावी बंद, पुढं धरणी फुकट वढती. हे मला एकदम पटलं. दत्तरावजी, त्या दिवसापासून मला रस्ते दिसायचे बंद झाले, नुसते उतार दिसायला लागले. उतारावर राहणाऱ्या लोकांकडे माझं जाणं-येणं वाढलं. चढावरची दोन लग्नं बायनाबाईनं एकटीनं एसटीनं जाऊन केली. (जाताना जो उतार असतो तोच येताना चढ होतो, हे ध्यानात यायला मला वेळ लागला. पोस्टात पत्र एकाच बाजूला जातं, त्यामुळे परतीचा विचार करायची सवय नाही.)

आता आवाजाचं. माझ्या गाडीचा सायलेन्सर कधीच गेलेला आहे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. नोकरीत असताना मी घरून निघालो की तो आवाज ऐकून पेन्शनवाल्या म्हाताऱ्या पोस्टाच्या पायरीवर येऊन बसायच्या. मी म्हणायचो, बघा, आपल्या लोकांना वेळेचं किती कळतं. माझ्या आधी माझा आवाज पोचतो आणि माणसं तयार होतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. चावी बंद करायला लागलो तेव्हा ते कळलं. इंजिन बंद म्हणून हॉर्नही नीट वाजत नाही, तेव्हा तोंडानं सरका सरका म्हणत यावं लागतं. तशात एकदा शेरडांच्या कळपात शिरलो आणि कळपाबरोबर ओढ्यापर्यंत गेलो. शेणाची पाटी घेऊन चाललेल्या दगडाबाईच्या मागून बिनआवाजाचा आलो, तर तिनं पाटी माझ्यावर टाकली आणि वरून मलाच विचारलं, की मास्तर, जित्ते हाव का? घरी आलो तर बायनाबाई शेजारणीला सांगत होती, की आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून काम न्हाई, म्हणून उतार हुडकत हिंडायलेत. ती खरं बोलत होती, म्हणून मी खोकलोही नाही.

इथून पुढे तुमच्या दाराची गोष्ट. चारठाण्याच्या अलीकडे जे टेकाड आहे, त्याच्या माथ्यावर मी चावी बंद केली. गाडी अशी सुरेख सुटली, की जुन्या देवळाच्या बाजूनं, गल्लीतून, तुमच्या उघड्या फाटकातून थेट लिंबाखाली जाऊन आपोआप थांबली. ब्रेकसुद्धा लागला नाही. मला त्या उताराचं एवढं समाधान झालं होतं, की आत येऊन हाक मारायच्या आधी मी क्षणभर गाडीवरच बसून राहिलो. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच. बसल्या जागेवरून मला तुमचा गोठा दिसला. गोठ्यात बारदान्याखाली अर्पिताची स्कूटी होती आणि स्कूटीवर पाय ठेवायच्या जागेत तुमची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती.

ही स्कूटी अर्पितानं लग्नाआधी तिच्या पगारातून घेतलेली, हे तुम्हाला माहीत आहे. जिंतूरच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी तिनं शिकून, परीक्षा देऊन मिळवली. लग्न ठरताना नोकरी चालू ठेवायची हे माणिकरावांसमोर बोललेलं होतं. मी जेव्हा जेव्हा चारठाण्याला आलो तेव्हा स्कूटी दारात पुसून चकचकीत उभी असायची, आणि अर्पिता म्हणायची, आत्ताच आले बाबा लॅबमधून. मी घरी येऊन बायनाबाईला सांगायचो, की पोरगी रोज कामावर जायलीय, सासर चांगलं मिळालं. पण कोंबडी काही एका दिवसात चालत्या गाडीवर अंडी घालून बसत नाही.

तर आता, मी ओट्यावरचं काही ऐकलं नाही हे मी इथं लेखी देतो. जे ऐकलं नाही ते येणेप्रमाणे. पेट्रोलचा भाव काय झालाय, उन्हाळा लागल्यापासून सुनेची गाडी बंद केली तेव्हा कुठं घरखर्च ताळ्यावर आला, असं तुम्ही विहीणबाईंना म्हणालात, ते मी ऐकलं नाही. तब्येतीच्या नावाखाली सुट्ट्या किती दिवस वाढवायच्या, एक तारखेपासून दुसरी पोरगी बघा असं लॅबवाल्याला कळवून टाकतो, हे तर मुळीच ऐकलं नाही. त्यावर विहीणबाईंनी विचारलं, अन् तिचे वडील आले मंजी? तुम्ही म्हणालात, त्यांची फटफटी पार वेशीच्या पल्याडून ऐकू येती, तवर अर्पिता गाडी भायेर काढून पुसून ठेवती की. हेही ऐकलं नाही. पण दत्तरावजी, हे न ऐकलेलं वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं आहे. माझी गाडी पोचली की पोरगी घामेजून, दम लागून दारात उभी असायची. मला वाटायचं बाप आला म्हणून धावत आली. ती कोंबडी उठवून आलेली असायची. मला लय वाईट वाटलं. ती तुमच्यासाठी खोटं बोलत नव्हती, मला त्रास होऊ नये म्हणून बोलत होती, हे कळल्यावर तर जास्तच वाटलं.

तेवढ्यात अर्पिता मागच्या दारानं पाण्याची कळशी घेऊन आली. तिनं मला बघितलं, मग गोठ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. तुम्ही ओट्यावरून उठून म्हणालात, आवाज कसा काय आला न्हाई? मी म्हणालो, पेट्रोल. चहा झाला, साखर बरोबर होती, आणि मी निघालो. येताना सगळा चढ असल्यामुळे गाडी चालू ठेवावी लागली, ते सगळ्या गावानं ऐकलं असेल.

तुमच्या बुलेटबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. ती सकाळी आणि संध्याकाळी स्टँडवर पानाला जाते. स्टँड घरापासून एवढं जवळ, की चालत गेलं तर पान आधी मिळेल. तरी भाव वाढल्यापासून तुम्ही तिथंच बसून पान खाता, पुन्हा फेरी नको म्हणून दुसरंही तिथंच खाता, ही काटकसर मला माणिकरावांनी कौतुकानं सांगितली. हरिओमरावांची गाडीही चालूच आहे. दुकान आहे, लागतेच. घरात गाड्या तीन, पेट्रोलचा भाव तिघींना सारखा, बंद मात्र एकच झाली. (हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माफीच्या पत्रात तक्रार लिहू नये एवढं मला कळतं.)

असो. मुद्द्याची माफी राहूनच चालली होती. तर मी बन्सीधर, राहणार वालूर, लिहून देतो की तुमच्या दारी बिनआवाजाचा आलो ही माझ्याकडून आगळीक झाली. यापुढे चारठाण्याच्या शिवेपासून गाडी चालू ठेवीन, टेकाडाच्या माथ्यावर मुद्दाम रेस करीन, आणि फाटकापाशी हॉर्नही देईन. घरातल्या सगळ्यांना हातातलं काम आवरून जागेवर यायला पुरेसा अवधी मिळेल. तरी राग सोडावा आणि लेक-जावयाला धोंडे खायला पाठवावं. तुम्ही आणि विहीणबाई दोघांनीही यावं. बायनाबाईचं पुरण तुम्हाला आवडतं, लग्नात तुम्ही तीनदा मागून घेतलं होतं. जीप करू नका, भाडं अव्वाच्या सव्वा झालंय. एसटी आमच्या दारावरूनच जाते.

सगळ्यांना रामराम, तांबड्या कोंबडीला सोडून.

तुमचा व्याही,
बन्सीधर

ता. क. – वर जे रेस करीन वगैरे लिहिलंय ते आता होणार नाही, कारण पत्र टाकायचं दोन दिवस राहिलं आणि काल गाडी मी नागनाथला देऊन टाकली. तेव्हा आवाज करून यावं की न करता यावं, हा तुमचा-माझा वाद मिटला. यापुढे मी एसटीनं येईन, आणि कमी येईन. माझ्या चारठाण्याच्या फेऱ्यांना जेवढं पेट्रोल लागायचं तेवढं अर्पिताच्या स्कूटीत पडेल, त्याची सोय मी करतो, तुम्हाला झळ लागणार नाही. पोरगी डोळ्यांना कमी दिसेल याचं वाईट वाटतं. पण ती कामाला गेल्यामुळे भेटली नाही, तर मी स्टँडवरूनही आनंदानं परत येईन. मला माफीपेक्षा हेच लिहायचं होतं. लॅबवाल्याला अजून कळवलं नसेल तर कृपा करून कळवू नका. पेट्रोलचं कारण होतं, ते मी संपवलं. आणखी कुठलं असेल तर ते मला सांगा, पोरीला सांगू नका.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवलं आणि अर्पिताचा फोन आला. बायनाबाई म्हणते पाकीट फोडा, व्याह्यांना अर्धवट सांगून पाठवू नका. तर, मी येऊन गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच अर्पिता जिंतूरला जायलीय. विहीणबाईंनीच कोंबडी अंड्यांसकट टोपल्यात हलवली आणि स्कूटी मागच्या दारानं बाहेर काढून दिली. तुम्ही तेव्हा पानाला गेलेले असता. दुपारी झोपता, संध्याकाळी पुन्हा पानाला जाता. चहा वेळेवर येत राहिला, म्हणून सून घरात नाही हे तुमच्या लक्षात आलं नाही. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं असं विहीणबाईंचंच म्हणणं आहे, म्हणजे चिडायचं ते तुम्ही माझ्यावर चिडाल आणि त्यांचं बीपी जाग्यावर राहील. तेव्हा खुशाल चिडा, पण आता पोरीचं कामाला जाणं बंद करू नका. परवा रात्री जेवताना तुम्ही म्हणालात म्हणे, की सून घरी राहायला लागल्यापासून तिच्या हाताला चव आली, अशी भाकर या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती. ती भाकर सरजाबाईंनी केली होती.