गिरणीवरच्या घरचा फोन

२६ मार्च ९६, मंगळ.
बोम्मसंद्र्याच्या शेडवरून उशिरा. दोन नंबरच्या लेथचं बेअरिंग बोलायला लागलंय. पोरं म्हणतात, नाही सार, तुम्हाला भास होतो. उघडलं. गेलेलंच.
घरी मार्था दारातच. "रिबेकाच्या अंगावर फोड आलेत." कांजिण्या. ईस्टरच्या नाटकाच्या तालमीला मंडळीतली सगळी पोरं एका घागरीचं पाणी पीत होती. म्हणजे आता…

२८ मार्च, गुरु.
निघाल्याच. निर्मला टीचरच्या दोन्ही मुली, पाळकसाहेबांचा धाकटा, आणि खुद्द पाळकसाहेब! या वयात! शेजारच्या गौरक्का कडुनिंबाचा डहाळा घेऊन आल्या, आपल्या हातानं आमच्या दाराला खोचला. "अम्मा बंदिदाळे, देवी आलीय. आता कोणी बाहेर जायचं नाही." मला वाटलं मार्था काढून टाकेल. नाही काढला. म्हणाली, "पाला काय, प्रभूनंच केलाय."

३१ मार्च, रवि. झावळ्यांचा.
उपासना नाही. घरीच झावळीचा क्रूस करून कडुनिंबाशेजारी लावला. गौरक्का खूष, त्यांना वाटलं औषध वाढवलं.
पा.सा.चा फोन. आवाज तापातला. "शिंदे, ईस्टरच्या पहाटेचं काय?" आमची मराठी मंडळी मूठभर, शहराच्या चार टोकांना. वर्षभर कोण कुठे असतो कुणास ठाऊक, पण ती एक पहाट सगळे येतात. म्हटलं, फोनची ओळ करू. पहिल्यानं दुसऱ्याला लावायचा, "प्रभू उठला आहे" म्हणायचं. दुसरा म्हणेल, "खरोखर उठला आहे," आणि तिसऱ्याला लावेल. शेवटी मी. मी तुम्हाला सांगितलं की सगळ्यांनी आपापल्या खिडक्या उघडून गीत धरायचं.
पा.सा. हसले. खोकले.
मंडळीत पेटी वाजवणाऱ्या भास्कररावांचं घर ओळीत धरलं नाही. सगळ्यांचंच तसं मत पडलं, माझंही. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेलाय. डॉक्टर म्हणतो येईल, नाहीही येणार. आजवर ईस्टरचं गीत दुसऱ्या कोणी उचललेलं आठवत नाही. आधी डाव्या हाताची अंगठी पेटीच्या लाकडावर: टक, टक, टक-टक. मग श्वास. मग तो आवाज. अशा माणसाला फोनवर "बोला" कसं म्हणायचं?
त्यांच्या घरी लीलावहिनींना कळवलं, तुम्ही दोघं निवांत राहा, त्रास नको. "बरं," म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. जरा जास्तच लगेच.

१ एप्रिल, सोम.
संध्याकाळी फोन. हॅलो, हॅलो. कोणी बोलेना. ठेवेनाही. मग कट.
मार्था: "एप्रिल फूल! मान्य करा, फसलात."
केलं मान्य.

२ एप्रिल, मंगळ.
पुन्हा. त्याच सुमारास. एप्रिल फूल दोन दिवस नसतं.
कोण असेल? कामावरून काढलेला तो तिपटूरचा पोरगा? तो शिव्या दिल्याशिवाय राहिला नसता. श्वास मोठ्या माणसाचा. आणि मागे कसला तरी आवाज, लांब, घरंगळता. ट्रॅफिक नव्हे.

३ एप्रिल, बुध.
आज वाटच बघत बसलो. मार्था म्हणाली, "लग्नाआधी माझ्या पत्राची इतकी वाट नाही बघितलीत." आला. हॅलो म्हटलं आणि गप्प बसलो. नुसतं ऐकलं.
पट्टा. मशिनचा पट्टा, जोड दिलेला. जोड चाकावर आला की थप. फिरतो, थप. फिरतो, थप.
हा मी ऐकलाय. कुठे?

४ एप्रिल, गुरु.
शेडमधून निघता निघता सापडलं! मारतहळ्ळी. भास्कररावांच्या घराखाली पिठाची गिरणी. फेब्रुवारीत मोसंबी घेऊन गेलो होतो. भा.राव आतल्या खोलीत जाऊन बसले, भेटलेच नाहीत. बाहेर मी आणि वहिनी, आणि खालून थप, थप. उतरताना गिरणीवाल्याला म्हटलं, पट्टा नीट शिवून घे, एक दिवस हात नेईल. "सरी सार, नाळे." त्याचा उद्या अजून उगवायचाय. बरंच झालं म्हणायचं.
पण ज्याला बोलता येत नाही तो माणूस फोन का लावतो?

५ एप्रिल, शुभ शुक्रवार.
घरीच वचनं वाचली. रिबेका मधेच: "पप्पा, एकदाच खाजवू?"
मार्थाला भा.रावांचं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. "ओळीतून काढलंत ना त्यांना? मग विचारत असतील, का काढलं."
"त्रास नको म्हणून…"
"त्रास कुणाला? त्यांना की तुम्हाला?"
जेवण गेलं नाही.

६ एप्रिल, शनि.
वहिनींना फोन. आधी त्यांचं ऐकून घेतलं. घरात पाटीवर लिहून बोलणं चालतं. गेल्या रविवारी पाटीवर दोनच गोष्टी आल्या: पेटी शाळेला द्या. सोलापूरला मुलाकडे जाऊ. येत्या आठवड्याचं तिकीट काढून झालंय. कायमचं.
रोजच्या फोनचं त्यांना ठाऊकच नाही. "मी दुधाला जाते तेव्हाच लावत असतील."
म्हटलं, वहिनी, चूक झाली. तुमचं घर ओळीत आहे. निर्मला टीचर तुम्हाला लावतील, भा.रावांनी मला लावायचा. उचलायचा त्यांनीच. तुम्ही नाही.
त्यांनी रिसिव्हर बाजूला ठेवला. मग: "सांगितलं. मान हलवतायत."
"हो म्हणून की नाही म्हणून?"
"दादा, इतकी वर्षं संसार केला, मला तेच कळत नाही."

७ एप्रिल, रवि. ईस्टर.
अंधारातच अंघोळी. फोनशेजारी खुर्ची. वाजला. निर्मला टीचर. यायला हवा होता भा.रावांचा.
"दादा, भास्कररावांकडे उचलला, पण कोणी बोललंच नाही. मी दोनदा म्हटलं. ओळ तुटायला नको, म्हणून तुम्हालाच म्हणते, प्रभू उठ…"
"टीचर, थांबा! मला म्हणू नका. माझी पाळी अजून आली नाही."
"मग कधी येणार?"
"येईल."
ठेवला तर खरा. पलीकडे पा.सा. अंगभर फोड घेऊन फोनपाशी बसलेले असणार. बाहेर दूधवाला येऊन गेला. कावळे बोलायला लागले.
वाजला.
गिरणी बंद. कानाला धरायला काही नाही. नुसता श्वास. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.
टक. टक. टक-टक.
अंगठी, रिसिव्हरवर. मग श्वास घेतला. तसाच, पेटीवर घ्यायचे तसा. आणि पुढे काही आलं. शब्द नव्हता. आवाज होता का? कोरड्या बुशिंगमध्ये शाफ्ट पहिल्यांदा हलतो, तसं काहीतरी. की वायरची खरखर? माझे कान, आणि मला सांगता येत नाही!
म्हटलं, "खरोखर उठला आहे, भास्करराव." मोठ्यांदा म्हटलं. रिबेका दचकली.
पा.सा.ना लावला.
"उशीर झाला, शिंदे. तुटली होती?"
"नाही. स्वल्प लांब होती."
खिडक्या उघडल्या. गीत मीच उचललं, फार वरच्या पट्टीत. मार्थानं सावरलं.

८ एप्रिल, सोम.
दिवसभर वहिनींचा फोन नाही. तिकिटाचं काय झालं, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
संध्याकाळी, त्याच सुमारास, वाजला. पट्टा फिरतोय. थप. आज बोलायची घाई केली नाही. खिशातली पेन्सिल काढून रिसिव्हरवर ठोकली: टक, टक, टक-टक.
तिकडे श्वास थांबला.
मार्था स्वयंपाकघरातून, "कोण आहे हो?"
हातानं तिला गप्प केलं. पट्ट्याच्या मागे, दोन थपांच्या मधे, काहीतरी खरखरलं, आणि या वेळी ती वायर नव्हती, भास्कररावांचा आवाज होता.